पुसून टाकलेले टेक

तोंडापुढे धरून भाषणे करतात, तो माइक मी नव्हे, मित्रांनो. मी गिटारच्या स्पीकरपुढे चार बोटांच्या अंतरावर उभा राहणारा एक जुना माइक आहे. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे. आलेला आवाज घ्यायचा आणि तारेतून पुढे कॉम्प्युटरकडे सोडायचा, एवढेच माझे काम.

कारखान्यातून निघाल्यावर पहिली काही वर्षे मी एका सभागृहात राबलो. तिथे पडून चेपलो आणि जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. मालकीणबाईंनी मला तिथून उचलले. त्या चष्म्याच्या काचा घासतात. ओरखडा दिसला की काच बाद, हा त्यांचा खाक्या.

रविवारी दुपारी त्या दाराला रजई टांगत आणि सगळ्यांच्या ओळखीच्या गाण्यांच्या चाली इलेक्ट्रिक गिटारवर दणक्यात वाजवून रेकॉर्ड करत. एकदा त्यांनी अंगाई अशी वाजवली की शेजारचे झोपलेले बाळ उठून बसले. इंटरनेटवर लोक लिहीत, "आवाज किती स्वच्छ आहे!" ती शाबासकी मी माझीच समजत असे.

या स्वच्छतेत एकच अडचण होती, ती म्हणजे मालकीणबाईंचे बाबा. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात मुद्रिते तपासली. निवृत्त झाले, पण चुका काढायची खोड गेली नाही. ऐन वाजवण्यात रजईपलीकडून आवाज येई.

"घाई करतेयस. गाडी सुटत नाहीये कुणाची."

"बाबा! आला ना तुमचा आवाज आत!"

"मग? चूक ती चूक. छापून गेल्यावर सांगू?"

"आता परत पहिल्यापासून वाजवायचं."

"बरं बाई, हे बघ, तोंडाला कुलूप."

कुलूप पुढच्या कडव्यापर्यंत टिके. बाबांचा आवाज आलेला प्रत्येक टेक, म्हणजे एका दमात केलेले रेकॉर्डिंग, मालकीणबाई पुसून टाकत आणि नव्याने वाजवत. सात वर्षांत असे शेकडो टेक गेले. मला त्याचे काही वाटले नाही. खरे तर आजही काही वाटत नाही, नुसते ऐकू येते.

एका सकाळी बाबा दात घासता घासता खाली बसले. इस्पितळातून परतले तेव्हा उजवा हात आणि बोलणे, दोन्ही गेले होते. त्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या एक बाई घरी येऊ लागल्या. त्या म्हणाल्या, "त्यांचा आधीचा आवाज कुठे असेल तर द्या ना. ते कसे बोलत असत हे मला कळेल, त्यांनाही ऐकवता येईल."

"आहे की! सात वर्षांचं रेकॉर्डिंग आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

दोन दिवस सुट्टी काढून त्यांनी एकशे बारा गाणी ऐकली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? व्हिडिओ शोधले, तर कॅमेरा दिसला की बाबा लगेच बाजूला होत, त्यामुळे तिथेही नुसता हलणारा हात सापडला.

"मीच पुसलं गं सगळं," त्या बहिणीला फोनवर म्हणाल्या. "आणि रडूही येत नाहीये."

त्यानंतर पाच महिने मी खोक्यात धूळ खात पडलो. कुणी मला हात लावला नाही.

मग एका रविवारी मालकीणबाईंनी मला पुन्हा उभे केले. दाराची रजई काढली, बाबांची खुर्ची आत आणली आणि त्यांना तोंडपाठ असलेली एक चाल वाजवायला घेतली. मधल्या ओळीत त्यांनी मुद्दाम चुकीचा सूर लावला. त्यांनी ओळ पुन्हा वाजवली, पुन्हा तीच चूक केली. बाबांचे ओठ हलले, पण माझ्यापर्यंत काही पोहोचले नाही. तिसऱ्या वेळी बाबांनी डावा हात उचलला आणि बोट हलवून 'नाही' अशी खूण केली.

मालकीणबाई थांबल्या. "चुकलं?"

बाबांनी मान डोलावली. मग मालकीणबाईंनी ती ओळ नीट वाजवली.

तो टेक त्यांनी ठेवला, लोकांनाही ऐकवला. त्यात बाबांचा आवाज नाही. तीनदा चुकलेली ओळ आहे, "चुकलं?" हा प्रश्न आहे आणि त्यापुढे चार सेकंद काहीच नाही. कुणीतरी लिहिले, "मधली जागा उगाच रिकामी आहे, कापून टाका." मालकीणबाईंनी ती कापली नाही.

शिकवणाऱ्या बाई अजून येतात. बाबांच्या तोंडून अजून शब्द फुटलेला नाही. म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमच्या कामात घरातले कुणी मध्येच बोलले, तर रागवा हवे तर, पण पुसू नका.