गाठीचा मोजा

मोजा पांढराशुभ्र निघाला होता. धुलाईयंत्राच्या झाकणावर एकटाच पडलेला, घोट्यापाशी गाठ होती तिथे अजून बारीक चुणी — आणि ती चुणीही इस्त्रीने मोडता येईल, असं तिच्या मनात येऊन गेलंच, हातांची सवय... मग ती थांबली. आता बिघडवायला उरलं होतं काय?

दुभाषी मुलगी नुकतीच दारात येऊन सांगून गेली होती. एका पाहुण्या संघाचा गोलकीपर — दाराच्या चौकटीवर डोकं आपटणारा, म्हणून धुलाईघरात सगळे त्याला ‘खांब’ म्हणत — स्पर्धा सुरू झाल्यापासून त्याने एकही गोल होऊ दिला नव्हता, आणि डावा मोजाही धुऊ दिला नव्हता. म्हणून तो मोज्याला गाठ मारून ठेवतो; काल मोजा चुकून धुवायच्या ढिगात आला होता. गाठ म्हणजे हात लावायचा नाही. “जेवण झालं की न्यायला येईल, मावशी. आज फायनल ना.”

गाठ म्हणजे हात लावायचा नाही! सासूने तिला या कामाला लावलं त्याच दिवशी शिकवलं होतं, गाठ दिसली की तो कपडा सगळ्यात मळका, वेगळा भिजवायचा, हातानेच घासायचा. इतक्या देशांची पोरं वसतिगृहात उतरली, त्यांचे मोजे यंत्रात गेले. खांबाच्या एका मोज्यासाठी मात्र ती कालची संध्याकाळभर पाणी बदलत बसली होती, आणि शेवटचं पाणी निवळशंख निघालं तेव्हा गुणगुणलीसुद्धा होती... ते गुणगुणणं आता चोरीच्या मालासारखं आठवत होतं.

“मोजाच धुतलाय ना, वहिनी? कुणाचा गळा नाही कापला,” इस्त्रीच्या टेबलामागून नणंद म्हणाली. “सांगून टाका.”

“आणि हरला तर?”

“तर बॉल सुटला म्हणून हरेल.”

तिलाही एरवी हेच वाटलं असतं. नवऱ्याचं पत्त्यांच्या डावाचं फाटकं बनियन एकदा तिने धुतलं, त्या दिवशी तो हरला, आणि अजून जेवताना मध्येच आठवण काढतो. तेव्हा तिनेच सुनावलं होतं — नशीब मळात राहत असतं तर धुलाईघरवाल्यांचे बंगले झाले असते. पण नवरा वेगळा. हे पोर आईपासून समुद्रापलीकडे आलेलं, अकराव्या-बाराव्या वर्षी उंची वाढली तेव्हाच कुणीतरी त्याला दोन खांबांमध्ये उभं केलं असणार, आणि मागे बघायला नुसती जाळी...

तिने मोजा उचलला आणि थेट मागच्या फुलझाडांच्या वाफ्यात जाऊन बसली.

मळवणं तिला येईना. जन्मात कधी केलेलं नाही. माती चोळली की बोटं आपोआप झटकून टाकत.

“टाचेला नको, बाजूला लावा,” नणंद मागे येऊन उभी राहिली होती. “आडवा पडतो ना तो. आणि गवताचा हिरवा कुठाय?”

हिरवा झाला. घामाचा पिवळा उरल्या चहातून आला. वास मात्र कुठून आणायचा? शेवटी मोजा रखवालदाराच्या बुटात दडपला, रखवालदार अनवाणी स्टुलावर बसून म्हणाला, “एवढा मान या बुटाला कुणी दिला नव्हता.”

खांब आला. चौकटीवर डोकं आपटलं. त्याने मोजा हुंगला... पुन्हा हुंगला. त्याची नजर तिच्या एप्रनवरच्या ताज्या मातीवर थोडी रेंगाळली. मग त्याने छातीवर तळहात ठेवला, काहीतरी बोलला आणि गेला. दुभाषी मुलगी सोबत नव्हती.

काय बोलला असेल?

दुपारी भिंतीपलीकडच्या मैदानातून गलका येत राहिला. ती टॉवेलच्या घड्या घालत होती, त्या वाकड्या होत होत्या. जुना मळ तर गटारात गेला. आता पायात होता तो तिचा मळ, तिच्या हातचा — म्हणजे गोलमध्ये तीही उभी होती की, कुणाला न दिसता, आणि बॉल कुठून येणार ते तिला कुणी सांगत नव्हतं.

एकदम मोठा ओरडा झाला. भिंतच हलल्यासारखी वाटली. कुणाचा, ते कळेना.

“बघून येऊ?” नणंदेने विचारलं.

“नको.”

“बरं, तो एप्रन तरी द्या. शेवटची खेप लावतेय. मातीने बरबटलाय नुसता.”

तिने हात पुढे केला. मग तोच हात मागे नेऊन एप्रनच्या नाडीची आणखी एक गाठ मारली.

“राहू दे,” ती म्हणाली. “संपेपर्यंत राहू दे.”