पिंगळीहून उघडलेलं मशीन

खंडेनवमीच्या सकाळी साडेदहाला बियाणे संघाच्या परभणी कचेरीतला कीबोर्ड बंद पडला. त्याच वेळी पिंगळी स्टेशनजवळच्या संघाच्या गोदामात चालू असलेली छपाई अर्ध्या कागदावर थांबली. साल १९९३.

दोन्हींचं कारण एकच होतं. संघाचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या तात्यारावांनी मशीनची पूजा केली होती. काचेच्या केबिनमध्ये चप्पल आणायची नाही, चहा आणायचा नाही, ओल्या हाताने कशाला शिवायचं नाही, हे नियम त्यांचेच. वर्षभर ते कोणालाही मोडू देत नसत. खंडेनवमीला मात्र त्यांनी स्वतः तांब्या आत नेला, झेंडूचं फूल पाण्यात बुडवून मशीनवर शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. दरवर्षी पूजेआधी मशीन बंद असे. या वर्षी रब्बीच्या बियाण्याच्या ट्रकबरोबर द्यायची चलनं छापायची राहिली होती, म्हणून चालू मशीनची पूजा झाली. पाणी बटनांच्या फटीत गेलं, एक बटन दाबल्यासारखं अडकलं आणि पडद्यावर उघडा असलेला देखभालीचा मेनू आपोआप सरकत ‘छपाई थांबवा’वर जाऊन पोचला.

संघाकडे कॉम्प्युटर एकच होता, परभणीत. पिंगळीच्या गोदामात फक्त एक पडदा, एक कीबोर्ड आणि एक प्रिंटर. ते सगळं टेलिफोनच्या तारेने परभणीच्या मशीनला जोडलेलं. गोदामात फोनही एकच. तार मशीनला लावली की बोलता येत नसे, बोलायचं तर तार काढावी लागे.

पिंगळीचा पडदा भुजंग सांभाळत होता. बी.एस्सी. झालेला, तीन वर्षं हंगामी. त्याला कायम करायचं की नाही हे दिवाळीनंतरच्या सभेत ठरणार होतं, आणि सभा तात्यारावांची एक ओळ पाहून ठरवणार होती: या माणसाच्या हाती मशीन देता येईल का? आधीच्या दोन्ही वर्षी तात्यारावांनी ‘अजून अनुभव हवा’ असं लिहिलं होतं. पहिल्या वर्षी भुजंग मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चासाठी रजा टाकून औरंगाबादला गेला होता. रजेचा आणि त्या ओळीचा संबंध होता असं कोणी म्हणालं नाही. नव्हता असंही कोणी म्हणालं नाही.

भुजंगने तार काढून फोन लावला.

“साहेब, छपाई थांबली. सोनपेठची चलनं निघाली, पाथरीची अर्धी निघाली.”

“इकडं कीबोर्ड गेला, एक बटन अडकलंय,” तात्याराव म्हणाले. पूजेचा उल्लेख त्यांनी केला नाही. “पंख्याखाली उलटा धरलाय. वायर काढावी तर मशीनच बसेल म्हणून भीती वाटायलीय. दुसरा कीबोर्ड नांदेडहून आणावा लागंल, दुकानं परवा उघडतील.”

“मग छपाई इथून चालू करावी लागंल.”

“तुझ्या पडद्यावर तो मेनू येत न्हाई.”

“मेनू येतो साहेब. पासवर्ड विचारतो.”

तात्याराव म्हणाले, “मीच येतो पिंगळीला.” पण जीप अध्यक्षांबरोबर जिंतूरला गेलेली होती आणि एसटीने यायचं तर दुपार झाली असती. “ड्रायव्हर थांबतील का?”

भुजंगने तेच विचारत रिसीव्हर खिडकीकडे वळवला. खिडकीत पाथरीच्या ट्रकचा ड्रायव्हर मुंजाजी हार हातात घेऊन उभा होता.

“न्हाई थांबत!” मुंजाजी ओरडला. “तुमच्या मशीनची पूजा झाली, माझ्या गाडीची व्हायचीय. दुपारपर्यंत चलन न्हाई आलं तर रिकामा जाईन. दसऱ्याला घरी न्हाई गेलो तर बायको मलाच हार घालंल.”

पाथरीच्या डेपोत शेतकरी ज्वारीच्या बियाण्यासाठी आठवडाभर चकरा मारत होते. जमिनीत ओल होती, ती फार दिवस राहणार नव्हती.

परभणीच्या कचेरीत तात्यारावांनी फोनवर हात ठेवला आणि केबिनच्या दारात जमलेल्यांना बाहेर जायला सांगितलं. प्रसाद वाटणारे नागनाथ शिपाईसुद्धा बाहेर गेले. पाच वर्षांत पासवर्डचा तो शब्द त्यांनी कोणाला सांगितला नव्हता, अध्यक्षांनाही नाही. नियमाप्रमाणे तो फक्त कायम माणसाला सांगता येत होता.

“लिहून घेऊ नकोस,” ते म्हणाले.

“न्हाई लिहीत.”

त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. भुजंगने मनात म्हटलं, मोठ्याने म्हटलं नाही, कारण मुंजाजी खिडकीतच होता.

“छपाई चालू करायची आणि बाहेर यायचं. दुसरं काही उघडायचं न्हाई.”

“हो साहेब.”

फोन बंद झाला. भुजंगने तार परत मशीनला लावली. परभणीत तात्याराव खुर्चीवर बसले. त्यांना काही करता येत नव्हतं, पण पडदा दिसत होता. थोड्या वेळाने पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली: मुख्य पासवर्डने कोणी आत आलं आहे, पिंगळीहून.

भुजंगपुढे आता तोच मेनू होता, जो त्याने तीन वर्षं परभणीला गेल्यावर केबिनच्या काचेतून पाहिला होता. छपाई. फाइली. नवीन माणूस जोडणे. पासवर्ड बदलणे. मशीन बंद करणे. त्याने छपाई उघडली. थेट चालू केली असती तर पाथरीची चलनं पहिल्यापासून पुन्हा छापली गेली असती, आणि एकाच बियाण्याची दोन चलनं फिरली असती. त्याने आधी निघालेली पाथरीची चलनं मुंजाजीसमोर फाडली, मग छपाई चालू केली.

“इथं पूजा न्हाई केली तरी मशीन चाललं की तुमचं,” मुंजाजी म्हणाला.

“माझं कोरडं हाय मामा, बस.”

चार कागद निघाले आणि छपाई पुन्हा थांबली. परभणीचं अडकलेलं बटन तिथल्या उघड्या मेनूत अजून फिरत होतं. त्याने पुन्हा तेच केलं होतं. ते पुन्हा करणार होतं.

उपाय एकच होता. परभणीच्या पडद्यावर जो कोणी आत आहे त्याला बाहेर काढायचं. म्हणजे तात्यारावांना. ते ‘दुसरं काही’ होतं. विचारायचं तर तार काढावी लागली असती, आणि तार काढली की सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं. भुजंगने आत असलेल्यांची यादी उघडली. मग त्याने यादीतलं परभणीचं नाव निवडलं आणि बटन दाबलं. ते चार कागद फाडून छपाई पुन्हा चालू केली.

परभणीत तात्यारावांच्या समोरचा मेनू गेला. पडदा कोरा झाला. मग वर एक ओळ आली, नाव विचारणारी. पाच वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्या कोणी त्यांना मशीनबाहेर काढलं होतं, आणि नाव टाइप करायला त्यांच्याकडे कीबोर्ड नव्हता. नागनाथ प्रसादाची वाटी घेऊन दारात आले, त्यांचा चेहरा बघून परत गेले.

बारा वाजून गेल्यावर फोन वाजला.

“पाथरीची गाडी गेली साहेब.”

“मला बाहेर काढलंस?”

“तुमचं बटन छपाई बंद करायलं होतं. दोनदा केली. काढल्याशिवाय चाललं नसतं.”

“आधी विचारायचं होतंस.”

“फोन एकच हाय साहेब.”



“दुसरं काही उघडलंस?”

“न्हाई.”

“बाहेर आलास?”

“आलो.”

“जा आता,” तात्याराव म्हणाले. “आईला घेऊन नागपूरला जायलास ना? गाडी चुकंल.”

भुजंग दरवर्षी दसऱ्याला आई सगुणाबाईंसोबत दीक्षाभूमीवर जात असे. हे आपण तात्यारावांना कधी सांगितलं होतं, ते त्याला आठवेना.

दसऱ्यानंतर नांदेडहून कीबोर्ड आला. तात्यारावांनी तो जोडला, तोच शब्द टाइप केला, मशीन उघडलं. मशीन स्वतःच्या नोंदी ठेवतं: कोण कधी आलं, कोणती फाइल उघडली. खंडेनवमीची नोंद दोन बटनांच्या अंतरावर होती. ती त्यांनी उघडली की नाही, हे ते सांगत नाहीत. केबिनच्या नियमांत त्यांनी एक वाढवला: पूजा करायची ती मशीनच्या खोक्याची, पाण्याशिवाय.

दिवाळीनंतरच्या सभेत भुजंगचा विषय निघाला. तात्याराव म्हणाले, “माझी ओळ लिहायची राहिलीय.” विषय जानेवारीवर गेला. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली. त्या आठवड्यात तणावामुळे एसटी कुठे चालू, कुठे बंद, सभासद जमले नाहीत. सभा पुन्हा पुढे गेली. तारीख अजून निघालेली नाही.

भुजंग पिंगळीलाच आहे, हंगामी. सकाळी पडदा चालू केला की तो स्वतःच्या नावाने आत जातो. मेनू पासवर्ड विचारतो, तेव्हा मागे येतो. तो शब्द त्याने पुन्हा वापरून पाहिलेला नाही, त्यामुळे तो अजून चालतो की नाही हे त्याला ठाऊक नाही.

तात्यारावांनी तो बदललेला नाही.