मागावरून उतरेपर्यंत

त्या शनिवारी मी सोफिया शहरातून गावी पोचले. कोट काढायच्या आतच आईने माझ्या बॅगेत हात घातला.

"हा झगा जिवंत आहे की गेला?"

"जिवंत आहे, आई. परवाच घातला होता."

"श्वास तर घेत नाहीये." तिने दातांनी शिवण उसवली आणि झग्याच्या पट्ट्या फाडायला बसली.

आमच्या घरातून जुना कपडा कधी बाहेर गेला नाही. वडिलांचे शर्ट, माझे शाळेचे फ्रॉक, पडदे, सगळ्याच्या चिंध्या होऊन सतरंज्या झाल्या. मागावरच्या सतरंजीला मात्र कुणी चांगलं म्हणायचं नाही. नजर लागते, ताणा तुटतो. कात्रीने कापून उतरवली की मग काय कौतुक करायचं ते करा.

शेजारच्या स्तामेना मावशीने दारातूनच मागाकडे बघत थू थू केलं. "काय गं झ्द्रावका, किती भिकार! कोंबड्या हगोत हिच्यावर."

"हगतील की, तुझ्याच," आई खूश होऊन म्हणाली.

"बेडकाच्या पाठीसारखी दिसतेय," मी भर घातली. आई इतकी हसली की विणायचा धोटा हातातून पडला.

मी नेहमी काम अर्ध्यावर असतानाच यायचे. सतरंजी उतरायची तेव्हा मी सोफियात. मग फोनवर सवयीने विचारायचे, "बेडूक कसा आहे?"

सोमवारी पहाटे आई झोपेतच गेली.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीच्या आदल्या दिवशी मावशी आईचे कपडे वाटायला आली. माग तसाच होता, सतरंजी वीतभर अपुरी.

"अर्धवट ठेवू नये. घरच्याच हाताने पुरी व्हायला हवी," मावशी म्हणाली.

"मला विणता येत नाही."

"दिसतंय की. बस."

चिंध्या संपल्या होत्या. मी आईच्या झग्याला हात लावला, तशी मावशीने माझ्या हातावर चापट मारली. "गेलेल्याचे कपडे अख्खे द्यायचे. तुझं काहीतरी फाड."

मी बॅगेतून माझा निळा ब्लाउज काढला. बरा होता, नवाच म्हणा. फाडला.

"सरळ विण! ही कड आहे की दारुड्याची वाट?"

"तूच विण मग."

"मी घरची आहे का? ओढ, ओढ. अगं, हळू! सतरंजी आहे, गाढव नव्हे!"

संध्याकाळपर्यंत वीतभर झालं. आईचे पट्टे घट्ट आणि सरळ, माझे निळे सैल, लोंबते. कात्री मीच चालवली. एकेक धागा सुटत गेला आणि सतरंजी मांडीवर आली. वाटली होती त्याहून जड. मावशी कपड्यांचं बोचकं घेऊन अंगणात गेली.

"आई," मी रिकाम्या मागासमोर मोठ्याने म्हणाले, "किती सुंदर विणतेस गं तू."