साडभावाचे पट्टे

मुलं शाळेत सोडून शालिकरामनं बस वडाच्या सावलीला लावली आणि काच धुवायला पाइप हातात घेतला, तेवढ्यात फोन वाजला. अकोल्याच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई बोलत होत्या.

"शालिकराम तुम्हीच ना? परवा हातापायांना पट्टे बांधून तपासणी झाली, तिचा रिपोर्ट आलाय. तुमच्या रक्तवाहिन्या फार कडक झाल्यात. लवचिक नळी नाडीचा ठोका झेलते, म्हणून तो पुढं सावकाश जातो. तुमचा ठोका पायापर्यंत धावत पोचतोय. वय बावन्न आणि नळ्या सत्तरीच्या. चढताना छाती भरून येते? दम लागतो? हात, जबडा दुखतो?"

"नाही जी."

"उद्याच या. हृदयाच्या पुढच्या तपासण्या लागतील. तोवर ओझं उचलू नका. आणि एकटे येऊ नका."

फोन बंद झाला. पाइपातलं पाणी चपलांवरून वाहत राहिलं. बाई सांगत होत्या ते खरं असणार, पण त्या पट्ट्यांत शालिकरामचे हातपाय नव्हतेच. ते डोमाजीचे होते.

डोमाजी म्हणजे त्याचा साडभाऊ. सीमा आणि संध्या सख्ख्या बहिणी. थोरली अमरावतीत शालिकरामला दिली, धाकटी अकोल्यात डोमाजीला. शालिकराम पोट सुटलेला, बीपीची गोळी विसरली की डोकं जड होणारा. डोमाजी डाळ मिलमध्ये तुरीची पोती वाहणारा, अंगावर चिमूटभर चरबी नाही. शाळेच्या बसगाड्या चालवणाऱ्या ठेकेदारानं यंदा फर्मान काढलं: प्रत्येक ड्रायव्हरची हृदयाची तपासणी, नापास झाला तर स्टेअरिंग नाही. ठेकेदाराची ओळख अकोल्यातली, म्हणून तपासणीही अकोल्यात. तिथं शालिकरामचा चेहरा कोणी ओळखत नव्हतं, नाव आणि वय सांगितलं की काम भागत होतं.

"तुमी काहून भेता? मी झोपतो तुमच्या जागी," डोमाजी तेव्हा म्हणाला होता. "घोड्यावाणी धावते माही नाडी."

धावत होती खरी.

शालिकरामला नांदगाव खंडेश्वरचं लग्न आठवलं. बुंदीचं टोपलं घेऊन डोमाजी कार्यालयाचा जिना चढत होता आणि मध्येच थांबला. हात जबड्यावर. "काय झालं बे?" म्हटल्यावर बोलला, "खर्र्यानं जबडा धरला." सगळे हसले. दिवसभर गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा दाबून ठेवणाऱ्या माणसाचा जबडा दुखला तर त्यात नवल कोणाला? त्याचा जबडा जेवताना दुखत नव्हता, बोलताना दुखत नव्हता, फक्त चढताना दुखत होता. हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. शालिकरामच्याही नाही.

घरी आल्यावर त्यानं सीमाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"मंग बसले काहून? फोन लावा त्याले."

"खरं सांगितलं तर ठेकेदार मले हाकलन."

"अन् नाही सांगितलं तर माही बहीण पांढऱ्या कपाळाची होईन."

शालिकरामला तिच्यावर चिडायचंही बळ नव्हतं. रोज पहाटे उठून, पोरांचा कलकलाट डोक्यावर घेऊन गाडी हाकणारा माणूस तो. या वयात दुसरं कोण ठेवणार होतं त्याला? त्यानं मधली वाट काढली. डोमाजीनं दुसऱ्या एखाद्या दवाखान्यात स्वतःच्या नावानं जावं, तिथं जे निघेल ते निघेल, या कानाचं त्या कानाला कळायला नको. त्यानं फोन लावला.

डोमाजी खो खो हसला. "अबे भाऊ, रिपोर्टावर नाव कोनाचं हाय? तुमचं! मशीननं तुमचंच काढलं. साडभावाचं दुखणं माह्या गळ्यात मारून राहिले का?"

"डोमाजी, हातपाय तुहे होते."

"मले काहीच होत नाही. गाडी भरायची हाय, ठेवतो."

दुसऱ्या दिवशी शालिकरामनं सुट्टी टाकली आणि अकोल्याची एसटी धरली. डाळ मिलमध्ये भुसा उडत होता. डोमाजी पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होता. पोतं टाकून उतरला, भिंतीला टेकला आणि तळहातानं जबडा चोळू लागला.

"दुखून राहिला?" शालिकरामनं विचारलं.

"खर्रा."

"तोंड उघड."

डोमाजीनं तोंड उघडलं. खर्रा नव्हता. गाल मोकळा होता.

"सकायपासून खाल्ला नाही," डोमाजी ओशाळून म्हणाला. "संध्यानं पुडी फेकून देल्ली."

मग शालिकराम म्हणाला, "चाल, इथंच दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ. तुह्या नावानं."

"दुसरा कायले? तो मले पाहून म्हनन, तब्येत झकास हाय, गॅसची गोळी घे. मागच्या साली म्हनला तसाच." डोमाजीनं अंगावरचा भुसा झटकला. "ज्या बाईनं काढलं, तिनं माह्या तोंडावर सांगावं. मंग मानतो. नाही तर जा तुमी, मले पोते हायेत."

मधली वाट तिथंच संपली. ट्रक अर्धाच भरला होता. मुकादम ओरडला, तसा डोमाजी पुढच्या पोत्याखाली वाकला. शालिकरामनं त्याची बाही धरली.

"ठेव ते. चाल. सांगतो मी बाईले."

संध्या दवाखान्याच्या दारातच भेटली. सीमानं तिला फोन केला होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, शालिकरामकडे पाहिलं. "भाऊजी, तुमी मोठे ना? तुमाले तरी समजाले पाहिजे होतं." त्यानं मान खाली घातली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, ते जास्त जड गेलं. त्यांनी डोमाजीला जबड्याबद्दल विचारलं, कधी दुखतो, किती वेळ दुखतो, बसलं की थांबतो का. डोमाजी एकेका प्रश्नाला "हो जी" म्हणत गेला. प्रत्येक "हो" आधीच्या "हो"पेक्षा हळू आला.

"खर्र्यानं जबडा आखडतो, हे खरं," बाई म्हणाल्या. "पण खर्र्याचं दुखणं असं फक्त चढताना येऊन बसल्यावर थांबत नाही. हे हृदयाचं दुखणं असू शकतं, ते जबड्यात बोलतं. नळ्या कडक झाल्यात एवढं मशीननं सांगितलं. आत अडथळा आहे का, ते आता बघू. आज घरी जायचं नाही." मग त्या शालिकरामकडे वळल्या. "आणि तुमची तपासणी झालेलीच नाही, ती आजच करून घेऊ. तुमच्या मागं बसमध्ये मुलं असतात. मला हे ठेकेदारांना कळवावं लागेल."

"कळवा जी," शालिकराम म्हणाला. हे शब्द तोंडातून निघताना त्याला वाटलं होतं तितके अवघड गेले नाहीत. तो नुसता दमला होता.

बाहेर बाकावर तिघं बसून राहिले. डोमाजीनं सवयीनं खिसा चाचपला, संध्यानं पाहिलं, त्यानं हात बाहेर काढला.

"भाऊ, तुमची नोकरी गेली माह्यामुळं."

"तुह्यामुळं नाही. तू झोपतो म्हनला, तं हो मीच म्हनलो."

"मी आपल्या मनानं झोपलो," डोमाजी म्हणाला. "त्या दिवशी तुमी झोपले असते तं माहं निघालंच नसतं."

शालिकरामच्या खिशात फोन थरथरत होता. बाहेर काढला तर ठेकेदाराचं नाव दिसलं, त्यानं फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

पट्टे बांधायच्या खोलीतून नर्सनं हाक दिली, "शालिकराम कोण?"

त्या दिवशीसारखाच डोमाजी उठायला लागला. शालिकरामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"बस गड्या. यावेळी माहा नंबर हाय."

तो बाह्या वर सारत आत गेला.