ओहोटीचं पाणी

माझी तान्ही बोमा पाठीशी बांधलेली झोपली होती, म्हणून मी ओरडले नाही. दात आवळून विचारलं, "सर, गणितात खाडीच्या पाण्याला मीठ एवढं कुणी धरलं?"

"कंपनीच्या लाँचने नमुना आणला, त्यात तेवढंच निघालं," डॉ. वोकोमा म्हणाले. "इबिसो, सही कर गं बाई. उद्या फवारणी आहे."

कंपनीचा पाइप फुटून आमच्या गावच्या खाडीत तेल पसरलं होतं. साबणासारखं रसायन फवारलं की तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात पांगतील, असं माझ्याच संगणकातलं चित्र सांगत होतं. त्याखाली माझी सही झाल्याशिवाय परवानगी मिळणार नव्हती.

"लाँच भरतीलाच आत शिरते, सर. ओहोटीला रुतते. तेव्हा तिथे फक्त बायका असतात, चिखलात गोगलगायी वेचत. आता पावसाळ्यात त्या पाण्याने चूळ भरतात, इतकं गोड असतं ते."

"आता बायकांना विचारून गणितं मांडायची?"

"एकीला तरी विचारा. माझ्या आईला."

त्यांच्यासमोरच गणित पुन्हा लावलं. या वेळी भरतीपासून ओहोटीपर्यंत मीठ उतरवत नेलं, खाडीचा गाळही घातला. तीन तास लागले. मधे बोमाला दोनदा पाजलं. सर तेवढा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.

पडद्यावर आधी सगळं छान. पिवळं तेल फुटलं, साबणाचे पांढरे कण थेंबांना बिलगले. मग मीठ उतरलं तसे पांढरे कण थेंबांना सोडून पाण्यात निघून गेले. उघडे पडलेले पिवळे थेंब एकमेकांना चिकटले, गाळाला चिकटले आणि तळाशी बसले. नेमके गोगलगायींच्या चिखलात.

"अगं, नुसतं मॉडेल आहे ते."

"सकाळी सही मागत होतात, तेव्हा काय होतं?"

सरांनी खुर्ची पुढे ओढली. मग आवाज मऊ करून म्हणाले, "कंपनी चिडेल. तुझी नोकरी कंत्राटी. पोरगी लहान आहे तुझी, विचार कर."

तेव्हा मात्र मी ओरडले. "लहान आहे म्हणूनच! पहिला घास तिला आजी त्याच गोगलगायींच्या रश्श्याचा भरवणार आहे. तुम्ही याल जेवायला?"

बोमा दचकून उठली, तिने भोकाड पसरलं. मी दुसरं चित्र जोडलं, सहीच्या जागी 'नाही' लिहिलं आणि परवानगी देणाऱ्यांपासून गावप्रमुखापर्यंत सगळ्यांना पाठवून दिलं.

मग तिला पुढे घेतलं, ओल्या गालाला गाल लावला. गप्प मात्र केलं नाही. रडू दिलं, सरांच्या टेबलासमोर, मनसोक्त.