चोविसावा पाना

मित्रांनो, मी एक जुनं विमान आहे. दोन पंखे, अठ्ठावीस खुर्च्या आणि शेपटीवर पुसट झालेला एक निळा पट्टा, एवढीच माझी ओळख. विमानांच्या संग्रहालयात गेलात, तर उजव्या हाताच्या मोठ्या दालनात, दोरीच्या आत मी उभा असतो. माझ्या शेजारी एक लढाऊ विमान आहे. ते टोकदार आणि चकचकीत असल्यामुळे तुम्ही सगळे आधी त्याच्याकडे धावता. तिथे फोटो काढून दमलात, की मग माझ्याकडे येता, खिडकीतून आत डोकावता आणि म्हणता, "अरे, हे तर आतून बससारखंच आहे." खरं आहे ते. मी बससारखाच होतो. रोज सकाळी सातला माणसं घेऊन निघायचो आणि दुपारी दोनला माणसं घेऊन परत यायचो.

माझ्यासमोर एक पाटी लावली आहे. तिच्यावर माझं वजन आहे, वेग आहे, मी किती तास उडालो तेही आहे. शेवटची ओळ अशी आहे : 'वीस वर्षांच्या सेवेत या विमानाला एकही अपघात झाला नाही.' ती ओळ वाचून लोक कौतुकानं मान डोलावतात. पण ज्या माणसाचा जीव त्यातली बारा वर्षं रोज टांगणीला लागलेला असायचा, त्याचा त्या पाटीवर उल्लेखही नाही. त्याची गोष्ट सांगावी म्हणून आज मी बोलायला बसलो आहे.

मी कारखान्यातून नवा कोरा आलो, तेव्हा माझी देखभाल एका तरुण मेकॅनिकच्या हाती सोपवली गेली. सगळे त्यांना मोजणीमास्तर म्हणायचे. त्याला कारण होतं. मास्तरांची स्वतःची एक लोखंडी पेटी होती. आत जाड हिरवं कापड, आणि त्यात प्रत्येक पान्याच्या आकाराचा खाचा कापलेला. एकूण चोवीस पाने. प्रत्येकावर मास्तरांचा सतरा हा नंबर ठोकलेला. काम सुरू करताना ते मोजायचे, जेवायला जाताना मोजायचे, काम संपलं की पुन्हा मोजायचे, आणि तेही मोठ्यानं. बाकीचे त्यांची टर उडवायचे. "मास्तर, पाने पळून जातात की काय?" असं विचारायचे. मास्तर हसायचे आणि बोट न उचलता पुढचा आकडा म्हणायचे. विमानांच्या शेडमध्ये तसा नियमच असतो, मित्रांनो. पेटीतला एक जरी खाचा रिकामा दिसला, तरी पाना सापडेपर्यंत विमान जमीन सोडत नाही.

मास्तरांच्या हाताखाली माझी आठ वर्षं कशी गेली कळलंच नाही. माझं इंजिन कुरकुरलं तर त्यांना ते घरी बसून ऐकू जात असावं, इतकं ते मला ओळखायचे. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं होती.

मग तो दिवस आला. माझ्या शेपटीच्या खालच्या अंगाला एक लहानसं झाकण आहे, आठ स्क्रूंचं. ते क्वचितच उघडतात. त्या दिवशी आतली एक पट्टी सैल झाली होती, म्हणून मास्तर पाठीवर झोपून हात वर घालून ती आवळत होते. काम झालं आणि तेवढ्यात घरून निरोप आला, की सहा वर्षांच्या लेकीचा ताप उतरत नाही. मास्तरांचा जोडीदार शेजारीच होता. मनानं चांगला माणूस. तो म्हणाला, "तू पळ घरी. झाकण मी लावतो." मास्तर पेटी उचलून पळाले. त्या एका दिवशी त्यांनी मोजणी केली नाही.

जोडीदारानं झाकण लावलं, आठही स्क्रू आवळले, फटीतून पाणी जाऊ नये म्हणून वरून लेपही लावला. मित्राचं काम वाचावं एवढाच त्याचा हेतू होता. फक्त त्यानं आत वाकून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तर आले, पेटी उघडली आणि मोजायला लागले. तेवीसवर थांबले. पुन्हा मोजले. मग कोणी विचारायच्या आत स्वतःच साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, माझा एक पाना कमी आहे. विमान सोडू नका."

दोन दिवस मला थांबवून ठेवलं. माझ्या खुर्च्या काढल्या, जमिनीच्या फळ्या उचलल्या. शेपटीकडे आले तेव्हा साहेबांनी जोडीदाराला विचारलं, "झाकण तू लावलंस ना? आत बघितलं होतंस?"

नाही म्हणावं तर त्याच्याच अंगाशी येणार होतं. "बघितलं होतं," तो म्हणाला.

"साहेब, तरी एकदा उघडू या," मास्तर म्हणाले. "दहा मिनिटांचं काम आहे."

"उघडायला दहा मिनिटं, आणि नवा लेप वाळायला आणखी एक दिवस. तुमचा पाना रस्त्यात कुठेतरी पडला असणार. घरी जायच्या घाईत होतात तुम्ही." साहेबांनी विमान उडायला ठीक असल्याचा कागद पुढे केला. "सही करा."

मास्तरांनी सही केली नाही. ती दुसऱ्या कोणीतरी केली आणि मी उडालो.

पाना माझ्याच पोटात होता, मित्रांनो. नाक वर करून धावपट्टी सोडली, तेव्हा तो घसरत मागे गेला आणि तळाशी, तिसऱ्या फासळीच्या मागे जाऊन रुतला. तिथून चार बोटांवर एक तार होती. वैमानिक पुढे बसून दांडा ओढतो, तेव्हा हीच तार ओढली जाऊन माझी शेपटी हलते. त्या तारेत पाना अडकला असता, तर मी अठ्ठावीस माणसांसकट कुठे गेलो असतो, ते मला आजही बोलवत नाही. दर वर्षी तपासणी व्हायची, पण ती वरच्या झाकणातून. तार बघायचे, ठीक आहे म्हणायचे. तळाशी कोणी बघितलंच नाही.

सही केली नाही म्हणून मास्तरांना माझ्यापासून दूर केलं. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. खिडकीतून दुसऱ्यांना सामान द्यायचं आणि वहीत सही घ्यायची, एवढंच काम. त्यानंतर त्यांचा हात मला लागला नाही. पण स्टोअरच्या दारातून धावपट्टी दिसायची. सकाळी सातला मी निघालो, की मास्तर दारात उभे. दुपारी दोनला मी परत यायचो, तेव्हाही ते तिथेच उभे. माझी चाकं जमिनीला टेकली, की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मगच आत जाऊन ते डबा उघडायचे. ढग आले, मला उशीर झाला, चार वाजले, तर डबा चारला. पहिल्या वर्षी लोक हसले. नंतर सवय झाली. जोडीदार मात्र त्या दारासमोरून जायचं टाळायचा. तो आधी निवृत्त झाला आणि जे सांगायला हवं होतं, ते न सांगताच गेला.

असं बारा वर्षं चाललं. मग माझ्यापेक्षा वेगवान विमानं आली आणि मला दूरच्या एका माळावर नेऊन सोडलं. सहा वर्षं मी तिथे होतो. माझ्या चाकांत गवत वाढलं, खिडक्यांवर पक्ष्यांनी घाण केली. मला वाटलं, आता पत्र्याच्या भावात जाणार. पण संग्रहालयवाल्यांना माझी आठवण झाली. त्यांनी मला आणलं, धुतलं, रंग दिला, दोरी लावली आणि पाटी उभी केली.

दालन उघडल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मास्तर आले. केस सगळे पांढरे. सोबत लेक होती, तीच तापानं फणफणलेली, आता चांगली मोठी. मास्तर पुढून आलेच नाहीत. वळसा घालून थेट शेपटीपाशी गेले, दोरीवरून वाकले आणि बोटाच्या पेरानं टकटक केलं. पहारेकरी ओरडला, "ओ काका, हात लावायचा नाही." मास्तरांनी हात मागे घेतला. इतक्या वर्षांनी त्यांचा हात मला लागला होता आणि तोही क्षणभरच.

मग ते दर महिन्याला येऊ लागले. तिथल्या व्यवस्थापक बाईंना भेटले.

"बाई, शेपटीखालचं एक झाकण उघडायचंय. आठ स्क्रू आहेत. दहा मिनिटं लागतील."

"कशासाठी?"

"आत माझा पाना असेल. नसेलही. पण बघायचंय."

बाई वाईट नव्हत्या. त्यांच्यामागे शंभर कामं होती. "काका, रंग अजून नवा आहे. आणि अशी विनंती रोज कोणी ना कोणी करतं. तुम्ही यावर काम केल्याचा काही कागद आहे का?"

मास्तरांकडे कागद नव्हता. शेवटच्या ज्या कागदावर त्यांची सही सापडली असती, त्यावर त्यांनी सही केलीच नव्हती.

"मग अर्ज करा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी अर्ज केला. 'आपल्या विनंतीची नोंद घेतली आहे,' असं उत्तर आलं. त्यांनी दुसरा केला, तिसरा केला, चौथा केला. चारही वेळा नोंद तेवढी घेतली गेली.

एकदा लेक वैतागून म्हणाली, "बाबा, आता सोडा ना. विमान इथे उभं आहे, कोणाला काही झालं नाही. पाना आत असला काय आणि नसला काय."

मास्तर म्हणाले, "अगं, नसला तर मी उगाच घाबरलो. आणि असला तर बारा वर्षं रोज अठ्ठावीस माणसं माझ्या चुकीवर बसून गेली. यातलं खरं काय, ते मला मरायच्या आधी कळायला हवं."

त्यांची दृष्टी अधू होत गेली. शेवटी आले तेव्हा लेकीनं हात धरून आणलं होतं. पहारेकऱ्यानं त्या दिवशी दोरी बाजूला केली आणि पाठ फिरवून उभा राहिला. मास्तरांनी माझ्या पत्र्याला कान लावला. अगदी हळू विचारलं, "आहे ना रे आत? एवढं सांग."

मित्रांनो, आहे म्हणायला मला एक आवाज हवा होता. पाना जरा खडखडला असता तरी पुरे होतं. पण तो गंजून फासळीला घट्ट चिकटला होता. मी नुसता उभा राहिलो. तेवढं दुःख मला माळावरच्या सहा वर्षांतही झालं नव्हतं.

पुढच्या महिन्यात मास्तर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मग दालनाचं छत गळलं. पाणी थेंब थेंब माझ्या शेपटीत साचलं आणि पोटाखाली तांबूस डाग दिसू लागला. पाटीसमोर डाग बरा दिसत नाही, म्हणून बाईंनी लगेच कारागीर बोलावला. ना अर्ज लागला, ना कागद. त्यानं रंग खरवडला, आठ स्क्रू काढले, झाकण खाली ठेवलं. भिंतीवरचं घड्याळ मला समोरच दिसतं. अकरा मिनिटं लागली.

पाणी पुसता पुसता त्याचा हात तिसऱ्या फासळीमागे गेला. "बाई, इथे पाना आहे," तो म्हणाला. "सतरा नंबर ठोकलाय त्यावर."

बाई ऑफिसात गेल्या आणि एक फाईल घेऊन आल्या. माझ्या चाकाजवळ उभं राहून त्यांनी चारही अर्ज वाचले. मग फोन लावला.

लेक दुसऱ्या दिवशी आली. एकटीच. हातात ती लोखंडी पेटी होती.

"बाबांना घेऊन यायचं होतंत," बाई म्हणाल्या.

"बाबांना जाऊन पाच महिने झाले."

बाईंचे डोळे भरून आले. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "दहाच मिनिटं मागत होते."

लेक माझ्या पंखाखाली जमिनीवरच बसली. पेटी उघडली. तेवीस पाने तेल लावून लखलखत होते आणि एक खाचा रिकामा होता. तिनं गंजलेला पाना ओढणीनं पुसला आणि त्या खाच्यात ठेवला. गंजानं तो फुगला होता, नीट बसेना. तिनं जोर केला नाही. तसाच वर टेकवून ठेवला आणि मग एकेका पान्यावर बोट ठेवत मोठ्यानं मोजायला लागली. दालनात त्या वेळी शाळेची मुलं होती. मुलं दोरीपाशी जमून बघत राहिली. तेवीसवर ती थांबली. मग गंजलेल्या पान्यावर बोट ठेवून ती चोवीस म्हणाली.

"निवृत्त झाले तरी बाबा दोनच्या आधी कधी जेवले नाहीत," ती बाईंना म्हणाली. पेटी मिटून तिनं झाकणावर हात ठेवला. "सगळे सुखरूप उतरले, बाबा. जेवून घ्या आता."

मित्रांनो, ती पेटी आता माझ्या पाटीखाली काचेत ठेवली आहे. मला बघायला आलात तर तीही बघा. माझ्या पत्र्यावर नावं कोरू नका, दोरीला झोके घेऊ नका, एवढं तर मी मागेनच. पण खरं मागणं वेगळं आहे. एखादा म्हातारा माणूस कधी तुमच्यासमोर उभा राहील आणि म्हणेल, की एकदा उघडून बघा. तेव्हा त्याच्याकडे कागद मागू नका. झाकणाला आठच स्क्रू असतात. तो जिवंत आहे तोवर उघडून बघा.