स्टेपनीची शंका

मी एक जुनी स्टेपनी आहे. देवळाली प्रवऱ्याच्या गहिनीनाथांच्या जीपच्या पाठीला टांगलेली. मित्रांनो, आम्ही पाच बहिणी एकाच कारखान्यात लोखंडाच्या पत्र्यातून घडलो. चौघी रस्त्याला लागल्या, मी मागे राहिले. टायर पंक्चर झालं की मला उतरवायचे, "हिच्यामुळं वाचलो बघा" म्हणायचे आणि काम झालं की पुन्हा टांगून विसरून जायचे. अशा जागी आयुष्य गेलं की स्वभाव संशयी होतो. माझा तर जरा जास्तच झाला.

यंदा नवरात्रात गहिनीनाथांच्या मुलाने, सचिनने, माझ्या चारही बहिणींना काढून चकचकीत अलॉय चाकं बसवून आणली. बोल्ट पाच, भोकंही पाच. पण भोकांमधलं अंतर बोल्टांपेक्षा जरासं कमी. दुकानदार म्हणाला, "लई फरक न्हाई. पान्यानं आवळलं की बसतंय." आवळलं. नट तिरके बसले, वरून मात्र सगळं झकास दिसत होतं. मला ते मुळीच पटलं नाही. भला माणूस आधी माप घेतो, हा तर आधी चाक पुसून चमकवत होता.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली हत्यारं पूजेत मांडतात. पूजा उठेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. गहिनीनाथांच्या बायकोने, भागीरथीबाईंनी, विळ्या-खुरप्यांशेजारी जीपचा जॅक आणि चाकाचा पानाही मांडला, हळदकुंकू वाहिलं. नेमकं त्याच दिवशी त्यांच्या लेकीला, माधुरीला, पहिल्या बाळंतपणासाठी कर्जतहून आणायचं होतं. गाडी अंगणातून काढतानाच स्टिअरिंग थरथरलं.

"पाना घेतो संगं," गहिनीनाथ म्हणाले.

"पूजेतला? उद्या उठवू की! एका दिवसानं काय हुतंय?" भागीरथीबाई म्हणाल्या.

झालं! स्टेपनी गाडीला आणि तिला बसवायचं हत्यार देवापुढे. मला हात असते तर मी कपाळावर हात मारून घेतला असता.

माधुरीला घेऊन परतताना मिरजगाव मागे पडलं आणि पुढच्या डाव्या चाकातून टकटक ऐकू येऊ लागली.

"अण्णा, गाडी लई थरथरतीय," माधुरी म्हणाली.

"नवी चाकं हायेत, बाई. बसत्यात हळूहळू."

"न्हाई. आधी थांबवा."

गाडी थांबली. एक नट पडून गेला होता, दुसरा नुसत्या बोटांनी फिरत होता. माझा संशय खरा निघाला, पण आनंद कसला? माधुरीच्या पोटातल्या जिवाच्या विचाराने मी हबकून गेले.

जवळच्या गॅरेजवाल्याने हात जोडले. "आज पान्याला हात लावत न्हाई, काका." गाडी थांबली होती त्याला लागूनच एक वस्ती होती, तिथे ट्रॅक्टर उभा होता, म्हणजे पाना असणार. तिथली म्हातारी, दगडाबाई, बाहेर आली. तिने माधुरीकडे पाहिलं, आत गेली आणि पूजेतला पाना, जॅक घेऊन आली. पान्याला कुंकू तसंच होतं.

"देवा, पोरगी पोटुशी हाय," ती म्हणाली. "राग धरायचा तर माझ्यावर धर."

गहिनीनाथांनी मला बसवलं. मग ते म्हणाले, "चल, आता सावकाश जाऊ."

माधुरी जागची हलली नाही. "आन बाकीची तीन चाकं?" ती दगडाबाईच्या ओट्यावर बसली. "जुनी चाकं आल्याबिगर मी न्हाई बसायची."

गहिनीनाथांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि सचिनला फोन लावला. दिवस मावळायच्या आत तो माझ्या बहिणींना टेम्पोत घालून घेऊन आला. कोणाच्या नजरेला नजर न देता त्याने एकेक चाक बदललं. मग माधुरी उठली.

मित्रांनो, नवी चाकं जरूर घ्या, पण भोकं बोल्टांशी जुळतात का ते स्वतः वाकून बघा. "बसतंय" म्हणणाऱ्या दुकानदारावर खुशाल संशय घ्या. आणि गाडीतलं कोणी घाबरून "थांबवा" म्हणालं, तर त्याला समजावत बसू नका. आधी गाडी थांबवा.